आउग्सबुर्ग : फुग्गरांच्या पेढीचे गाव

परदेशप्रवासाची वर्णने आमच्या व्यापारी बंधूंनी पुष्कळ वाचली असतील. बर्फाची शिखरे, सरोवरे आणि राजवाडे यांनी ती भरलेली असतात. आम्हांस येथे सांगावयाची हकीकत तशी नाही. गेल्या जून महिन्यात व्यवसायानिमित्त आमचे जर्मनीतील म्यूनिक शहरी जाणे झाले. प्रदर्शनाचे काम आटोपल्यावर एक दिवस मोकळा सापडला. बरोबरची मंडळी डोंगराच्या पायथ्याचा एक प्रसिद्ध राजवाडा पाहावयास निघाली. आम्ही मात्र एकटेच दुसऱ्या गाडीत बसलो. "तिकडे काय पाहणार?" असे मंडळींनी विचारले. "एक पेढी," आम्ही म्हणालो. "चालू आहे का?" "बुडाली. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली." यावर जो हशा पिकला तो पिकलाच.

परंतु त्या पेढीचे आम्हांस ओढ लागण्याचे कारण अगदी धंद्यातले होते. आमच्या घरचा व्यवहार तीन पिढ्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा. हंडे, घंगाळी, तपेली यांच्या वजनावर आमचे बालपण गेले. २००८ साली आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, नामिबिया देशात, हिऱ्यांच्या खाणीसाठी समुद्र मागे हटवून खणीत असता एका जुन्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष हाती लागले. १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालेले 'बोम जेसुस' हेच ते जहाज असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यात सोन्याची नाणी होती, हस्तिदंत होते, आणि तांब्याचे अठराशेहून अधिक गोळे होते. अर्ध्या नारळासारख्या आकाराच्या त्या गोळ्यांवर त्रिशूळाची मुद्रा उमटविलेली होती. ती मुद्रा आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीची. ते तांबे आमच्या किनाऱ्यास येण्यासाठी निघाले होते आणि वाटेत बुडाले. हे वाचल्यापासून ज्या गावातून त्या मालाचा हिशेब ठेवला गेला ते गाव पाहावे, असे मनात होते.

म्यूनिकहून आउग्सबुर्ग सुमारे ६० किलोमीटर. जलद गाडीने अर्धा तास लागतो, साध्या गाडीने थोडा अधिक. एकट्या माणसास हा प्रवास अगदी सोपा आहे. सकाळी निघावे, स्टेशनापासून पायीच हिंडावे आणि संध्याकाळी परतावे. जुने गाव वीसएक मिनिटांच्या पायवाटेवर आहे आणि पाहण्याजोगे बहुतेक सर्व एकमेकांच्या जवळ आहे. खाण्यापिण्याची चिंता करणाऱ्या आमच्या मंडळींसाठी एवढेच सांगतो, की आम्ही घरच्या दशम्या व कोरडी चटणी बरोबर बांधून घेतली होती. फळे बाजारात विपुल मिळाली. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असणारांस जर्मनीतला जून महिना फारच सोयीचा, कारण तेथे सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. एक सूचना मात्र ध्यानी धरावी. ८ ऑगस्ट रोजी या गावी जाऊ नये. त्या दिवशी या एकाच शहरात शांततेच्या उत्सवाची सार्वजनिक सुटी असते आणि दुकाने बंद असतात. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या भांडणात होरपळलेल्या या गावाने तो उत्सव १६५० पासून पाळला आहे.

गाव फार जुने. रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळी, ख्रिस्तपूर्व १५ च्या सुमारास, येथे लष्करी ठाणे पडले आणि त्याचेच नाव गावास मिळाले. नगरगृहासमोरच्या चौकात त्या सम्राटाचा पुतळा असलेले १५९४ चे कारंजे आहे. आम्हांस त्याहून पुढच्या रस्त्यावरचे कारंजे अधिक भावले. तेथे उभा आहे तो मर्क्युरी, म्हणजे रोमन लोकांची व्यापाराची देवता. राजाचा पुतळा सर्वच गावे उभारतात. भर रस्त्यात व्यापाराच्या देवतेस मानाची जागा देणारे गाव आम्ही पहिलेच पाहिले. नगरगृहाची इमारत एलियास होल नावाच्या गवंड्याच्या मुलाने १६१५ ते १६२० या काळात बांधली. आतले सोनेरी दालन १४ मीटर उंच आहे. छताकडे पाहता पाहता मान अवघडते. १९४४ च्या फेब्रुवारीतील बॉम्बहल्ल्यात हे दालन जळाले. आज दिसते ते जुन्या चित्रांवरून पुन्हा घडविलेले असून १९८५ मध्ये, नगराच्या दोन हजाराव्या वर्षी, ते पुन्हा खुले झाले. सोने नवे आहे, हे जाणकार डोळ्यास कळतेच; परंतु जळालेले घर पुन्हा तसेच उभारण्याची जिद्द जुनी आहे.

आता पेढीकडे वळू. १३६७ सालच्या नगराच्या करवहीत हान्स फुग्गर नावाचा एक विणकर गावात आल्याची नोंद सापडते. शेजारच्या खेड्यातून आलेला हा मनुष्य मागावर बसला आणि हळूहळू कापडाचा व्यापारी झाला. त्याचा नातू याकोब हा १४५९ मध्ये जन्मला. भावांत धाकटा असल्यामुळे त्यास धर्मगुरू करावयाचे ठरले होते. परंतु भाऊ वारले तेव्हा त्यास पेढीत यावे लागले. व्हेनिस हे तेव्हा मसाल्याचे, कापडाचे व हिशेबाचेही माहेर. तेथे याकोब इटालियन पद्धतीची जमाखर्चाची विद्या शिकला, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंस लिहावयाचा, एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांत तेव्हा ही रीत सर्रास नव्हती. आमच्या मंडळींस नावे-जमेचे नवल वाटणार नाही; परंतु याकोबने तिच्या जोरावर जे केले ते नवलाचे आहे. दूरदूरच्या शाखांचे हिशेब मागवून, ते एका ठिकाणी जुळवून, संपूर्ण पेढीची स्थिती काय आहे हे एका कागदावर पाहण्याची सवय त्याने लावली.

या कामी त्याचा उजवा हात होता माथेउस श्वार्त्स नावाचा मुनीम. हा गृहस्थ कपड्यांचा मोठा शौकीन. जन्मभर आपण कोणत्या प्रसंगी कोणता पोशाख केला याची चित्रे त्याने काढवून घेतली आणि त्यांचे पुस्तक केले. त्यातले एक चित्र व्यापाऱ्याने अवश्य पाहावे. याकोब फुग्गर उभा आहे, मुनीम लिहीत बसला आहे, आणि मागे खणांचे उंच कपाट आहे. प्रत्येक खणावर एका शहराचे नाव: रोम, व्हेनिस, बुडा, क्राकोव, मिलान, इन्सब्रुक, न्यूरेंबर्ग, अँटवर्प, लिस्बन. अर्ध्या युरोपचा पत्रव्यवहार त्या कपाटात मावला होता. आमच्या आजोबांच्या दुकानी भिंतीवर तारांना टोचलेली पत्रे असत, प्रत्येक पेठेची तार वेगळी. त्या चित्रापुढे आम्हांस त्या तारा आठवल्या.

पेढीची खरी वाढ कापडावर झाली नाही, मसाल्यावरही झाली नाही. ती झाली खाणींवर. व्यापारी बंधूंनी येथे थोडे थांबावे, कारण या कुटुंबाच्या उत्कर्षाचे आणि नाशाचे बीज एकच आहे. टिरोल प्रांताचा अधिपती सदा कर्जात असे. त्याच्या मुलखात चांदीच्या खाणी होत्या. परंतु उधळेपणामुळे हातात रोकड नसे. फुग्गरांनी त्यास रोख पैसे दिले आणि बदल्यात खाणीची चांदी ठरलेल्या हलक्या भावाने घेण्याचा हक्क घेतला. म्हणजे मुद्दल परत येण्यासाठी राजाच्या शब्दावर अवलंबून राहावयाचे नाही. चांदी खाणीतून निघते ती थेट आपल्या घरी येते. पुढे हंगेरीच्या तांब्याच्या खाणी तुर्झो या खाणतज्ज्ञ कुटुंबाच्या भागीदारीत हाती आल्या. गाळलेल्या तांब्यावर त्रिशूळ उमटू लागला आणि तो अँटवर्पमार्गे लिस्बनला जाऊ लागला. पोर्तुगीजांस मिरी पाहिजे होती आणि हिंदुस्थानास तांबे पाहिजे होते. १५११ मध्ये या पेढीचे भांडवल सुमारे १ लाख ९७ हजार गिल्डर होते. १५२७ च्या ताळेबंदात ते सुमारे २० लाखांवर गेलेले दिसते. सोळा वर्षांत दहापट!

हिंदुस्थानशी या गावाचा संबंध केवळ मालाचा नव्हता, माणसांचाही होता. १५०५ च्या मार्चमध्ये फ्रान्सिस्को द अल्मेदा याचे आरमार लिस्बनहून निघाले, त्यात तीन जहाजे आउग्सबुर्ग-न्यूरेंबर्गच्या जर्मन व इटालियन सावकारांच्या पैशाने सज्ज केलेली होती. आउग्सबुर्गच्याच वेल्सर पेढीने २० हजार क्रुझादो घातले; फुग्गरांनी सावधपणे ४ हजारच. वेल्सरांचा प्रतिनिधी बाल्थाझार स्प्रेंगर त्या सफरीत होता आणि त्याने लिहिलेली हकीकत १५०९ मध्ये छापली गेली. हे आरमार सप्टेंबरात आमच्या कारवारसमोरील अंजदीव बेटावर थांबले आणि तेथे किल्ला बांधू लागले. गोव्याकडच्या आमच्या वाचकांस ते बेट परिचित आहे. पुढे १५८७ मध्ये फर्डिनांड क्रोन नावाचा आउग्सबुर्गचाच एक तरुण फुग्गर व वेल्सर यांच्या मिरीच्या ठेक्याचा गुमास्ता म्हणून हिंदुस्थानात आला. प्रथम कोचीनास व मग गोव्यास राहून त्याने स्वतःचा व्यापार थाटला, तेथेच लग्न केले आणि गोव्याच्या धनिकांत तो गणला जाऊ लागला. उतारवयात सरकारी मर्जी फिरली आणि त्याची पाठवणी पोर्तुगालास झाली. आउग्सबुर्गच्या रस्त्यांतून हिंडताना, येथून निघून मांडवीच्या काठी पस्तीसेक वर्षे हिशेब लिहीत बसलेल्या त्या मनुष्याची आठवण आम्हांस वारंवार होत होती. एकट्या प्रवाशास अशा सोबती मिळतात.

मर्क्युरीच्या कारंज्याजवळच, माक्सिमिलियन रस्त्यावर, फुग्गरांचा वाडा आहे. १५१२ ते १५१५ या काळात तो बांधला गेला. बाहेरून लांबलचक आणि काहीसा साधा. परंतु दारातून आत गेल्यावर कमानींचा एक छोटासा चौक लागतो, तो इटलीतून उचलून आणल्यासारखा वाटतो. युद्धात हा वाडाही जळाला होता व पुन्हा उभारला गेला. याच वाड्यात १५१८ च्या ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर याची पोपच्या प्रतिनिधीपुढे झाडाझडती झाली. यात एक विचित्र योग आहे. पापक्षमेची पत्रे विकून पैसा जमविण्याचा जो व्यवहार ल्यूथरने हाणून पाडावयास घेतला होता, त्यातला मोठा वाटा एका धर्माधिपतीच्या कर्जफेडीपोटी फुग्गरांच्याच तिजोरीत जात होता. पेटी उघडावयास त्यांचा गुमास्ता हजर असे. ल्यूथरने पुढे व्यापार व व्याज यांवर १५२४ मध्ये जे लिहिले त्यात या मोठ्या पेढ्यांवर कडक टीका आहे. मक्तेदारीबद्दल साम्राज्याच्या सभेतही त्यांच्यावर आरोप झाले. आमच्या मते ती टीका सगळीच मत्सराची नव्हती. एका धातूचा भाव एका कपाटातून ठरू लागला म्हणजे लहान व्यापाऱ्याने जावे कोठे?

राजाच्या कर्जाची गोष्ट १५१९ मध्ये शिगेला पोहोचली. त्या वर्षी सम्राटाची निवड व्हावयाची होती आणि सात मतदार राजे-धर्माधिपती आपली मते उघडपणे विकावयास बसले होते. स्पेनचा तरुण राजा चार्ल्स यास निवडून आणण्यासाठी एकंदर साडेआठ लाख गिल्डर खर्च झाले, त्यांपैकी सुमारे ५ लाख ४४ हजार एकट्या याकोब फुग्गरचे होते. चार वर्षे झाली तरी फेड होईना, तेव्हा १५२३ मध्ये याकोबने सम्राटास पत्र लिहून स्पष्टच स्मरण दिले, की माझ्यावाचून हा मुकुट आपणांस मिळाला नसता. सम्राटास असे लिहिणारा सावकार विरळाच! फेड झाली तीही रोकडीने नव्हे. स्पेनमधील धार्मिक शूरसंघांच्या जमिनींचे उत्पन्न आणि त्यांतील पाऱ्याची खाण यांचा ठेका पेढीस मिळाला. ठेका चालवावयाचा तर स्पेनमध्ये गुंतावे लागले. गुंतल्यावर नवे कर्ज नाकारता येईना. आणि नवे कर्ज दिले नाही तर जुने बुडते, ही भीती कायमची मानगुटीस बसली. टिरोलात जी युक्ती तारक ठरली होती तीच येथे फास झाली, कारण टिरोलचा अधिपती लहान होता आणि स्पेनचा राजा स्वतःच कायदा होता. १५५७ मध्ये स्पेनच्या राजाने देणी थांबविली. १५७५ व १५९६ मध्ये पुन्हा तेच. वेल्सरांचे १६१४ मध्ये दिवाळे निघाले. फुग्गर टिकले, पण खंगत खंगत. सतराव्या शतकाच्या मध्यास, तीस वर्षांच्या युद्धानंतर, त्यांची व्यापारी पेढी संपली. कुटुंब जमीनदार व सरदार म्हणून उरले.

अशी एक दंतकथा सांगतात, की याकोबचा पुतण्या आंटोन याने सम्राट चार्ल्स घरी आला असता दालचिनीच्या लाकडाचा जाळ करून त्यात त्याचे कर्जरोखे टाकले. चित्रकारांस ही कथा फार आवडली आहे. आम्हांस ती खरी वाटत नाही. रोखा जाळणारा मनुष्य पेढी इतकी वर्षे चालवीत नाही.

दुपारी आम्ही सेंट आना नावाच्या देवळात गेलो. तेथे याकोबने आपल्या भावांसाठी व स्वतःसाठी बांधविलेले स्मारक-मंदिर आहे आणि तो तेथेच पुरलेला आहे. त्यास मूल नव्हते. गंमत अशी, की ते देऊळ पुढे ल्यूथरच्या पंथाकडे गेले. त्यामुळे कट्टर कॅथलिक याकोब आज प्रॉटेस्टंटांच्या देवळात विसावला आहे. मुख्य धर्मपीठाच्या देवळातील फार प्राचीन रंगीत काचा, संगीतकार मोझार्टच्या वडिलांचे जन्मघर इत्यादी गोष्टीही आम्ही धावत्या पायांनी पाहिल्या. त्यांचे वर्णन अन्यत्र पुष्कळ मिळेल. डिझेल एंजिन याच गावच्या कारखान्यात १८९७ मध्ये प्रथम यशस्वीपणे चालले, हे मात्र आम्हांस तेथेच कळले. आमच्या भागातील पिठाच्या गिरण्या व विहिरींवरचे पंप ज्यावर पिढ्यानुपिढ्या चालले त्याचे मूळ गाव हे!

मग आम्ही ज्यासाठी आलो होतो, आणि ज्यासाठी आलो आहोत हे येईपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते, तेथे पोहोचलो. पाण्याचे लहान लहान कालवे ओलांडून पूर्वेकडे गेले, की एक कमानीचे दार लागते. त्याच्या आत फुग्गराय ही वसाहत आहे. गावातच एक छोटे गाव. सरळ गल्ल्या, पिवळसर भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, भिंतींवर चढलेले वेल. ६७ घरे, त्यांत १४० बिऱ्हाडे, सुमारे दीडशे माणसे, एक देऊळ आणि एक कारंजे. याकोब फुग्गरने १५२१ मध्ये रीतसर दानपत्र करून ही वसाहत आउग्सबुर्गच्या गरीब कारागिरांसाठी व मजुरांसाठी स्थापिली. ती आजही त्याच कामी चालू आहे. आणि भाडे? वर्षास एक ऱ्हाइन गिल्डर. नाणी बदलली, मार्क आले, युरो आले. त्या गिल्डरचा हिशेब आज ८८ सेंट होतो. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. विजेचा व ऊन ठेवण्याचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा.

घर कोणास मिळते? जो आउग्सबुर्गचा रहिवासी आहे, कॅथलिक आहे आणि स्वतःचा दोष नसता अडचणीत आला आहे, त्यास. प्रत्येकाने दररोज संस्थापकाच्या कुटुंबासाठी तीन प्रार्थना म्हणावयाच्या. पंथाची अट आम्हांस प्रथम खटकली. मग आमच्याकडील किती धर्मशाळांच्या दारी 'अमुक ज्ञातीपुरती' अशी पाटी असते हे आठवले आणि आम्ही मुकाट्याने पुढे चाललो.

प्रत्येक बिऱ्हाडास रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचेही दार वेगळे. तळमजल्यास परसबागेचा तुकडा, वरच्यास माळा. दारावरची घंटा ओढावयाची लोखंडी मूठ प्रत्येक घरी निराळ्या आकाराची आहे. एकीस पानाचा आकार, दुसरीस पीळ. दिवे नव्हते त्या काळी अंधारात हाताने चाचपून मनुष्य आपले दार ओळखी. एक वृद्ध बाई बागेस पाणी घालीत होत्या. आमची जर्मन भाषा आणि त्यांची इंग्रजी सारख्याच योग्यतेची. त्यांनी हसून आमचा हात धरून आपल्या दाराच्या मुठीवर ठेवला आणि आम्हांस डोळे मिटावयास सांगितले. मग शेजारच्या मुठीवर ठेवला. आम्हांस फरक कळला. "हे माझे," असा त्यांनी छातीस हात लावला. भिक्षेकऱ्याच्या आश्रमात कोणी असे म्हणत नाही. भाडे नाममात्र का होईना ठेवले आहे, त्याचे कारण आमच्या समजुतीने येथेच आहे: जो एक गिल्डर देतो तो भाडेकरू, आश्रित नव्हे.

रात्री दहा वाजता दार बंद होते. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याच्या हाती मध्यरात्रीपर्यंत अर्धा युरो, नंतर एक युरो ठेवावयाचा. पूर्वीच्या रहिवाशांत फ्रान्झ मोझार्ट नावाचा एक गवंडी होता. त्या जगप्रसिद्ध संगीतकाराचा तो पणजोबा. १९४४ च्या त्याच हल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला आणि काही दिवसांतच कुटुंबाने ती पुन्हा बांधण्याचा निश्चय केला. त्या वेळचा जमिनीखालचा बंकर आता संग्रहालय आहे. पाहुण्यांस प्रवेशशुल्क पडते. वसाहतीच्या उत्पन्नात त्याचाही वाटा आहे, म्हणून ते देताना हात आखडता येत नाही.

बाकावर बसून दशम्या सोडल्या आणि मनात एकच प्रश्न घोळू लागला. सम्राटांस घातलेले लक्षावधी गिल्डर गेले, खाणी गेल्या, कपाटातल्या शहरांची नावे गेली; मग या पेढीचे हे एकच खाते पाचशे वर्षे उघडे कसे राहिले? पुण्याई, असे उत्तर सोपे आहे. परंतु आम्ही व्यापारी. आम्हांस वही पाहिल्याशिवाय समाधान नाही. आणि वही पाहता असे दिसते. याकोबने दानधर्माचा पैसा खिशातून वाटला नाही. पेढीच्या वह्यांत नगराचा संत उल्रिच याच्या नावाने त्याने एक खाते उघडले. जणू तो संत पेढीचा एक ठेवीदार. आमच्याकडे वहीच्या आरंभी देवाचे किंवा धर्मादायाचे खाते घालण्याची रीत आहे, तीच ही. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. १५२१ च्या दानपत्राने त्याने ते दान पेढीपासून व वारसांपासून कायद्याने अलग केले, त्याचे नियम लिहून ठेवले आणि देखरेख कुटुंबाकडे ठेवली, मालकी नव्हे. पुढच्या पिढ्यांनी संस्थेचा पैसा व्यापारातून काढून जमिनींत व जंगलांत घातला. पेढी बुडाली तेव्हा बुडावयास संस्थेचे तिच्यात फारसे उरले नव्हते. १९२३ च्या महागाईत जर्मनीतला कागदी पैसा मातीमोल झाला आणि कित्येक जुन्या धर्मादाय निधींची राख झाली. परंतु झाडे उभीच होती. आजही संस्थेचा मोठा आधार त्या जंगलांतल्या लाकडाच्या उत्पन्नाचा आहे. कुटुंबाच्या तीन शाखांचे प्रतिनिधी मिळून कारभार पाहतात.

हे समजून घेताना आम्हांस आमच्या घरची गोष्ट टोचत होती, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजोबांनी गावच्या वेशीजवळ वाटसरूंसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. आड होता, ओटा होता, रात्री एक कंदील लावलेला असे. वहीत धर्मादायाचे खातेही होते. दर शेकड्यास चार आणे त्यात पडत. परंतु ते खाते दुकानाच्याच भांडवलात फिरे. त्यास स्वतःची जमीन नव्हती, स्वतःचे भाडे नव्हते, कोणताही कागद नव्हता. आजोबांचा शब्द हाच कागद. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा दुकानाबरोबर ते खातेही चौघांत वाटले गेले, म्हणजे कोणाकडेच राहिले नाही. यात कोणी लबाडी केली असे नाही. चौघेही सज्जन. प्रत्येकास वाटले, की दुसरा पाहील. आज त्या खोल्यांत आमच्याच एका भावाचे गोदाम आहे आणि कंदिलाचा खिळा तेवढा भिंतीत शिल्लक आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही स्टेशनाकडे परतलो. उन्हे अजून उंच होती. म्यूनिकला मंडळी भेटली. राजवाडा सुंदर होता म्हणाली. परंतु रांगेत दोन तास गेले. आम्ही वृद्ध बाईंच्या मुठीची गोष्ट सांगितली. तीवर कोणी हसले नाही.

यंदाच्या पाडव्यास नव्या वह्यांचे पूजन झाल्यावर आम्ही भावंडांपुढे त्या चार खोल्यांचा विषय काढला. गोदामाचे बाजारभावाने जे भाडे होईल ते दर महिन्यास वेगळ्या खात्यात भरावे, खोल्यांची मालकी वकिलाच्या सल्ल्याने न्यास करून त्याच्याकडे द्यावी, आणि वेशीबाहेरचा आमचा मोकळा तुकडाही त्यासच जोडावा, असे सुचविले. एका भावाने तेथेच होकार दिला. गोदाम ज्याचे आहे त्याने, माल हलविण्यास वर्षाची मुदत मागितली. ती रास्त आहे. तिसरा मुलांना विचारून सांगतो म्हणाला. त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.